आमच्या गॅरेजातली विमानवाली

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. इंजिन उघडून परत जोडलं की एखादा बोल्ट हातात उरतोच, तो आपण डब्यात टाकतो. हे तसंच. पण गेल्या दोन-तीन वर्षांत आमचा डबा जरा जास्तच भरला, कारण आमची सून अश्विनी विमानं दुरुस्त करायचं शिकायला लागली. तेही घरी बसून, ऑनलाइन! मी चौथी शिकलेला माणूस. शहापूर-मुरबाड रस्त्याला माझं गॅरेज. ट्रॅक्टर, जीप, भातगिरणीची इंजिनं, जे येईल ते. मला सजवून लिहिता येत नाही. जसं झालं तसं सांगतो, राग आला तर वाचू नका!

* * *

लग्न होऊन आली तेव्हा ती बारावी सायन्स होती. एक दिवस जेवण वाढता वाढता म्हणाली, "मामा, मला विमानाच्या मेंटेनन्सचं लायसन काढायचंय." सासऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात.

"लायसन? चाळीस वर्षं गाड्या उघडतोय, मला कुणी लायसन इचारलं नाय!"

"तुमची गाडी बंद पडली तर माणूस खाली उतरून ढकलतो, मामा. विमानातनं कुठं उतरंल?"

मी भात कालवायला घेतला.

गावात बातमी फुटली. नाक्यावरचा रिक्षावाला पांडू मला बघून ओरडला, "काय आबा, विमान आता आपल्या आटगावला थांबणार म्हणं!"

म्हटलं, "थांबणार होतं रे. पण स्टँडवर तू हायस कळल्यावर पुढं गेलं!"

* * *

तिचा क्लास फोनवर. घरात रेंज नाही, गॅरेजात आहे, म्हणून ती टायरांच्या ढिगावर फोन टेकवून बसायची. एकदा मास्तर सांगत होता की प्रत्येक बोल्ट किती जोरानं आवळायचा ते ठरलेलं असतं, आणि तो जोर मोजायचा पाना असतो.

मी मागनं बोललो, "जोर काय मोजायचा? हाताला कळतं!"

मास्तरनं विचारलं, "मागे कोण आहेत?"

"सासरे आहेत, सर."

"त्यांना म्हणावं, हात चुकतो."

माझं डोकंच फिरलं! माझा पोरगा मंगेश, म्हणजे अश्विनीचा नवरा, वाशिंदच्या कारखान्यात आहे. त्याला तो मोजायचा पाना एक दिवसासाठी मागून आणायला लावला. सगळ्यांसमोर दहा बोल्ट हातानं आवळले, एकसारखे, दात खाऊन. अश्विनीनं एकेक मोजला. दहा बोल्ट, दहा आकडे! त्यातला एक तर नुसताच अडकवलेला निघाला.

"पाना खोटा हाय," मी म्हटलं.

मंगेश म्हणाला, "बाबा, आज सकाळीच तपासून मोहोर मारलेला हाय."

पुढच्या महिन्यात मी तसला पाना विकत घेतला. त्या मास्तरला कळवू नका.

* * *

मग तिनं माझी भिंत रंगवली. विमानाच्या कामात म्हणे एक पाना जरी आत राहिला तरी विमान सोडत नाहीत. म्हणून प्रत्येक हत्याराची आकृती भिंतीवर काढायची आणि हत्यार तिथंच टांगायचं. काय नाही ते लांबून दिसतं. आमच्याकडे निम्मी हत्यारं कायम गावात फिरायला गेलेली! तिनं नियम केला की पाना न्यायचा असेल त्यानं जागेवर आपली खूण टांगायची.

तिला वाटलं लोक नावाची चिठ्ठी लावतील. संध्याकाळी बघतो तर भिंतीवर एक चप्पल, एक हेल्मेट, गिरणीवाल्याची छत्री आणि खुद्द सरपंचांची टोपी!

तेवढ्यात तालुक्याहून साहेब आले. "सरपंच कुठं आहेत?"

मी भिंतीकडे हात केला. "बारा-तेराचा पाना घेऊन गेलेत."

* * *

सगळे पेपर सुटले, एकच अडला. माणसाच्या हातनं चूक का होते, असला काहीतरी पेपर. शंभरात पंच्याहत्तर पाहिजेत, आणि ही थोडक्यात पडली. दोनदा! एका हँगरात, म्हणजे विमानांच्या गॅरेजात, तिला घ्यायला तयार होते, पण तिसऱ्या वेळेपर्यंतच थांबणार होते. नाहीतर जागा दुसऱ्याला.

मी विचारलं, "एवढं काय अवघड असतं गो त्यात?"

"असं बघा मामा. तुमी दमलाय, डोकं दुखतंय, थोडंच काम उरलंय. काय कराल?"

"उरकून टाकीन नि मग झोपीन."

"मीपण तेच लिवलं," ती म्हणाली. "काम थांबवून दुसऱ्याला सांगायचं असतं."

आमची म्हातारी, म्हणजे अश्विनीची सासू, चुलीपासून म्हणाली, "दोनदा पडली, आता पुरे करा की. घरात पाळणा हलू दे."

मला राग आला. म्हटलं, "मी चौथीला तीनदा बसलो. मास्तर दमला, मी नाय दमलो! ती बसंल तिसऱ्यांदा. पाळण्याचं तिचं ती बघंल."

त्या दिवसापासून रोज चहाच्या वेळी मी तिला प्रश्न विचारायचो. मला सुचेल ते उत्तर मी द्यायचं, आणि तिनं त्याच्या उलटं लिहायचं. अभ्यास जोरात झाला!

* * *

थंडीत म्हसाच्या जत्रेला गेलो. मी बैल बघायला, बाकीची पाळण्यात बसायला. रांगेत उभी राहून अश्विनी त्या मोठ्या आकाशपाळण्याच्या खाली वाकली आणि तिथंच थांबली. नट निसटू नये म्हणून पिन असते, तिच्या जागी खिळा वाकवून घातलेला!

पाळणेवाला म्हणाला, "ताई, पाच वर्षं त्योच खिळा हाय."

"म्हणजे पाच वर्षं चुकतंय."

"तुमी कोण मोठ्या इंजिनेर?"

मी पुढं झालो आणि जत्रेला ऐकू जाईल असा ओरडलो, "खिळ्यावर चाललाय रे पाळणा!" रांग साफ! पाळणेवाल्यानं शिव्या देत पेटी उघडली, नवी पिन घातली आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "बसा बाय आता. पैली फेरी फुकट."

अश्विनी म्हणाली, "नको दादा. मला उंचावर भ्या वाटतं."

* * *

तिसऱ्या खेपेच्या पेपरची सकाळ. या वेळी मीच म्हटलं होतं की जीपनं सोडतो. आदल्या दिवशी मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक मी उघडून साफ करून जोडले होते. आमच्या गॅरेजात आता तिचं कार्ड चालायचं. काम करणारा एक, तपासणारा दुसरा, आणि तपासणाऱ्याची सही पडल्याशिवाय गाडी बाहेर नाही.

मी इंजिन चालू करून कार्ड पुढं केलं. "बस. वाटेत सही कर."

"मी बघितलं नाय, मामा."

"मी केलंय ना! मी!"

"म्हणूनच," ती म्हणाली आणि जॅक काढला.

म्हातारी दारात देवाचं नाव घेत होती, मी भलतंच काहीतरी. पेपर निघून गेला असता, जागा गेली असती, तीन वर्षं पाण्यात! हिनं नवी साडी खोचून दोन्ही चाकं काढली, ड्रम उतरवले, आतली एकेक स्प्रिंग बोटानं चाचपली, नळीचे सांधे बघितले. पाऊण तास! सगळं जागच्या जागी. एक आटा इकडचा तिकडं नाही.

"काय निघालं?" मी ओरडलो. "काय नाय निघालं!"

"हो मामा." तिनं चाकं बसवली, हात पुसले, कार्डावर सही केली.

पोचलो तेव्हा रखवालदार गेटची कडी लावत होता. ती धावत आत गेली, आणि या खेपेला पास झाली, हे सगळ्या गावाला माहीत आहे. वाटेतलं कुणाला माहीत नाही. वाशिंद सोडल्यावर मी जीप अशी काही हाणली की तिनं दोन्ही हातांनी दांडी धरली आणि डोळे मिटले.

"मामा, हळू! हळू चालवा!"

"गप बस," मी म्हटलं. "सही तुझी हाय!"