मागे कोण उभं राहणार

मिस्त्रीच्या पायाला मुळातच भिंगरी. त्यात उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणजे विचारूच नका! त्याची मुलगी गॅरेजमध्ये एकटीच व्हॅनचे मागचे ब्रेक जुळवत होती आणि हा तिच्याभोवती घिरट्या घालत होता.

"हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना?"

"आहे."

"आधी लायनर, मग केबल. केबल आधी ओढलीस तर—"

"बाबा, बसा हो!"

तो बसला, आणि पाच मोजायच्या आत उठला.

पोरीचं काम मात्र चोख, खोटं कशाला बोला! चाक जॅकवर उचललेलं. चाकामागच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून ती आतली, लायनर पसरवणारी दातेरी चक्री दात दात फिरवायची, चाकाला हातानं गरका द्यायची आणि कान लावायची. ब्रेकचं लायनर चाकाच्या ड्रमला घासल्याचा आवाज आला की एक दात मागे. दोन्ही चाकं झाल्यावर हँडब्रेकच्या केबलचा नट आवळला. हँडब्रेक सहाव्या खटक्याला घट्ट बसला.

आता उरला चढ. मिस्त्रीचा नियमच होता. गाडी चढावर न्यूट्रलमध्ये उभी करायची, हँडब्रेक ओढायचा आणि ज्यानं काम केलं त्यानंच मागे उभं राहायचं. दुसऱ्यानं आत बसून ब्रेकच्या पॅडलवरचा पाय काढायचा. "जीव टांगणीला लागला की कामात हयगय होत नाही," असं तो गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचा. आजवर मागे तोच उभा राहत आला होता.

आज पोरीनं गाडी चढावर गिअरमध्ये लावून हँडब्रेक ओढला, त्याला सीटवर बसवून पॅडल दाबायला लावलं, गिअर काढला आणि ती मागे जाऊन उभी राहिली. मिस्त्रीनं डाव्या हातानं आरसा वळवला. आरशात तिचं डोकं दिसत होतं, मागे उतार. सहा खटके त्यानं स्वतः ऐकले होते, तरी मन मानेना. चक्री एखादा दात कमी फिरली असेल तर?

"सोडा!" ती ओरडली.

"सोडला!" यानं ठोकून दिलं. पाय होता तिथंच.

"बाबा, ब्रेकचे दिवे लागलेत! मला दिसतंय!"

मिस्त्री पकडला गेला. "अगं, तू जरा बाजूला हो. नुसतं बघू तरी."

ती हलली नाही. "दहा वर्षं त्या सीटवर मी बसतेय. मागे तुम्ही उभे, आणि पाय मी काढायचा. एकदा तरी विचारलंत, मला काय होतं ते?"

मिस्त्रीनं मनात हिशेब केला. दहा वर्षं! आणि आपण मागे छाती काढून उभे!

त्यानं डोळे मिटले आणि पाय काढला. गाडी बोटभर मागे सरकली आणि थांबली.

"पक्का बसलाय! उतरा आता!"

मिस्त्री उतरला नाही. ती दाराशी आली, तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून मागे कुणी उभं राहायचं नाही. चाकामागे दगड ठेवू."