पाळीच्या मातीत मेटल डिटेक्टर

आज सकाळी मला चहाबरोबर पाव मिळाला नाही, याची इतिहासाने नोंद घ्यावी. टीव्हीवाल्यांच्या गाड्यांनी वाट अडवली आणि सायकलवरचा पाववाला पोदेर तसाच परत गेला.

गुप्तधन शोधण्याच्या रिअ‍ॅलिटी शोसाठी ही मंडळी चाळीस वर्षं जुना मेटल डिटेक्टर घेऊन गोव्यातल्या आमच्या पाळी गावात आली होती. जिथली मातीच लोखंडाची, तिथे. यंत्र पावलोपावली किंचाळणार, नाही तर काय? प्रत्येक किंचाळीला त्यांनी पार्वतीकाकीच्या शेताचा बांध खणला. लावणीचं पाणी वाहून गेलं, रोपं उघडी पडली.

"अरे पुता, हांगा मातयेंतच लोखण आसा," काकी रडवेली होऊन सांगत होती. त्यांनी तेही शूट केलं. लाज नावाचा धातू त्या यंत्राला काही सापडला नाही.

मी तावातावाने भांडायला गेलो, तर दिग्दर्शक म्हणाला, "साहेब, पोर्तुगिजांचं सोनं या बांधात आहे, हे काल तुम्हीच सांगितलंत."

सांगितलं होतं. त्यांची टर उडवायला.

मित्रांनो, आपला विनोद कुणाच्या शेतात जाऊन पडतो, हे तुम्ही कधी बघता का?

दुपारी कुदळ-फावडं घेऊन गेलो. काकीने विचारलं, "तूं कित्याक आयलो रे?"

"असाच," म्हटलं आणि बांधावर माती ओढायला लागलो.