अम्माला वाचून न दाखवलेलं प्रकरण

मागच्या महिन्यात एका कॉलेजच्या हॉलमध्ये नवोदित लेखकांची कार्यशाळा झाली आणि मला वीस मिनिटं बोलायला बोलावलं. विषय होता, स्वतःचं पुस्तक स्वतः काढताना घ्यायची काळजी. माझ्या नावावर एकच पुस्तक आहे, तेही धड विकलं गेलेलं नाही. पण सोलापुरात पदरमोड करून पुस्तक काढलं आणि त्यात पोळली, अशी बाई शोधायची म्हटल्यावर लोकांना माझं नाव लगेच आठवतं.

मी शहाण्यासारखी बोलले. करार घरी आणा, चार दिवस घरात पडू द्या, मग सही करा. आयएसबीएन नंबर स्वतःच्या नावानं काढा, तो फुकट मिळतो. तीनशे प्रती छापून पलंगाखाली रचू नका, मागणी येईल तशी एकेक प्रत छापून देणारे आता आहेत. प्रस्तावनेसाठी कोणाच्या दारात वर्ष घालवू नका. आणि आवाजाचे हक्क, म्हणजे पुस्तक वाचून ऐकवायचे हक्क, कोणाला देऊ नका. पोरापोरींनी वह्यांत लिहून घेतलं, टाळ्या वाजवल्या. जे खरं सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही.

मी सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर तीस वर्षं काढली. आमचं घर शहराच्या पूर्व भागात, घरात तेलुगू, दारात मराठी. आईला आम्ही अम्मा म्हणतो. अम्मानं जन्मभर विड्या वळल्या आणि ऐंशीच्या घरात आली तरी वळते. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका तेच करतात. सकाळी कारखान्यात माल द्यायचा, तिथला साहेब त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढेल त्या मुकाट्यानं सोडायच्या, पानं-तंबाखू घेऊन परत यायचं, दुपारभर ओट्यावर सूप मांडीवर घेऊन बसायचं. मी पुस्तक लिहिलं ते या बायकांवर. चौदा प्रकरणं. शेवटचं प्रकरण अम्मावर.

प्रकाशक पुण्याचे. छपाईचे पैसे माझे, नाव त्यांचं, असा व्यवहार फोनवरच ठरला होता. कराराचं विचारलं की म्हणायचे, "अहो मॅडम, ती फॉर्मॅलिटी आहे, समारंभात करू." मला वाटलं, तशीच पद्धत असेल. समारंभात शाल झाली, नारळ झाला आणि ते माइकवर म्हणाले, "आता आपल्या लेखिका करारावर सही करतील. फोटोग्राफर, पुढे या." समोर दवाखान्याचा सगळा स्टाफ, गल्लीतल्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून पहिल्या रांगेत. पाहुणे हसऱ्या तोंडानं टाळ्या वाजवायला हात उचलून बसलेले. अशा वेळी सहा पानं वाचत कोण उभं राहील? शाल खांद्यावरून घसरत होती, डाव्या हातात नारळ होता, उजव्या हातानं मी सही केली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच नाही. खिडकीवर तीस वर्षं मी लोकांना ओरडत आले, फॉर्म वाचा, मग अंगठा द्या. माझी पाळी आली तेव्हा मी कॅमेऱ्याकडे बघत होते.

पुस्तक निघालं. ज्यांना वाचता येतं त्यांनी फुकट नेलं, आणि ज्यांच्यावर लिहिलं त्यांना वाचता येत नव्हतं. गल्लीतल्या बायकांनी ते हातात घेतलं, वास घेतला, कव्हरवरून हात फिरवला आणि देवाच्या फोटोशेजारी ठेवून दिलं. मला रडूच आलं. मग शेजारची सून म्हणाली, "अक्का, फोनवर वाचून पाठवा की. हात कामात असत्यात, कान तर रिकामेच हायत."

दवाखान्यातून आल्यावर मी रोज दुपारी दार लावून वाचायची, फोनमध्ये रेकॉर्ड करायची आणि गल्लीच्या ग्रुपवर पाठवायची. दुसऱ्या दिवशी ओट्याओट्यावर माझा आवाज. माझ्या जन्मात मला असे वाचक मिळाले नाहीत आणि आता मिळणारही नाहीत. एक म्हणायची, पान भिजवल्यावर लगेच कापत नाहीत अक्का, पाणी निथळू द्यावं लागतं, तुम्ही विसरलात. दुसरी रागानं फोन करायची की माझ्या सासूचं अर्धंच सांगितलंत. अम्माही शेजारच्या ओट्यावर बसून ऐकायची. घरात मी समोर असताना कधी वाच म्हणाली नाही. रिकाम्या हातानं बसून काही ऐकणं तिला पाप वाटतं.

तेरा प्रकरणं झाली. एवढ्यात कोणाच्या तरी पोरीनं हौसेनं ती सगळी यूट्यूबवर टाकली, गुलाबाचं चित्र लावून. आठ दिवसांत पुण्याहून वकिलाची नोटीस आली. करारातल्या चौथ्या पानावर मी आवाजाचे, चित्राचे आणि पुढे जे काही निघेल त्या सगळ्याचे हक्क दिले होते. प्रकाशकांनी ते एका ॲपला विकले होते. सर्व स्वरूपातील वाचन तात्काळ थांबवावे, असं लिहिलं होतं. ॲपवर माझं पुस्तक कोणी बाई बासरीच्या सुरावर वाचत होती. अशी गोड, जणू आमच्या गल्लीत तंबाखूचा ठसका कोणाला कधी लागलाच नाही. माझ्याच पैशानं छापलेलं माझंच पुस्तक, आणि मलाच तोंड उघडायची चोरी.

मी थांबवलं. ग्रुपवरचं पुसून टाकलं, बायकांनाही पुसायला लावलं. नियमाचं आयुष्य गेलेल्या बाईला नोटीस म्हणजे देववाणी. बायका हळहळल्या आणि पुन्हा मोबाईलवर सिरियली लावून बसल्या.

अम्मानं मात्र विचारलं, "एक ऱ्हायलं न्हवं?"

"हो. शेवटचं."

"त्यात काय हाय?"

"तू आहेस."

"मग?"

"मनाई आहे अम्मा. वाचायचं नाही असं पत्र आलंय."

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग सुपातलं पान उचललं. "मनाई हाय म्हन्ल्यावर हाय," म्हणाली. कारखान्यातला साहेब एखाद्या दिवशी निम्मा माल खराब ठरवायचा तेव्हा घरी येऊन ती हेच म्हणायची. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही.

त्याच पंधरवड्यात मी कोर्टाजवळच्या एका वयस्कर वकिलांकडे करार घेऊन गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सहा पानं वाचली, जिभेनं च्यक् केलं आणि सांगितलं की भांडता येईल, पण वेळ जाईल. मी म्हणाले, तोवर माझ्या आईला शेवटचं प्रकरण कसं ऐकवू? त्यांनी करार खाली ठेवला.

"ताई, घरात बसून आईला वाचून दाखवायला कोणाची परवानगी लागते? ती काय दुसऱ्या देशात राहते का?"

मी हसले. म्हणाले, खरंच की, माझ्या डोक्यातच आलं नाही. तिथून मी रिक्षा केली, घरी आले, चहा केला, आणि अम्माला काहीही सांगितलं नाही.

कारण माझ्या डोक्यात ते पहिल्या दिवसापासून होतं. आता कबूल करायला हरकत नाही. नोटीस आली तेव्हा मला राग आला, हे खरं. पण रागाच्या खाली मला सुटल्यासारखंही वाटलं, हेही खरं.

शेवटच्या प्रकरणात मी आठवीतली आहे. थोरल्या बहिणीचं लग्न ठरलेलं आणि अम्मानं माझं दप्तर कुलूप लावून कपाटात ठेवलं. शाळेतल्या बाईंना सांगितलं, पोरगी आजारी आहे. वर्षभर मी तिच्याशेजारी बसून विड्या वळल्या. शाळेची घंटा आमच्या ओट्यावर ऐकू यायची आणि मी मान वर केली की ती कातरीची मूठ माझ्या गुडघ्यावर मारायची. हे सगळं घडलं, यात एक शब्द खोटा नाही. लिहिताना मी चाळीस वर्षांचं साठलेलं विष ओतलं.

पण माझ्या हस्तलिखितात त्यापुढं दोन पानं होती. लग्न उरकल्यावर अम्मा मला घेऊन शाळेत गेली. मुख्याध्यापक घेईनात. तीन दिवस ती काम बुडवून, न जेवता शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. जिनं तापात कधी काम बुडवलं नाही ती. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वर्गात बसवलं. त्यावरच माझी नोकरी, माझा पगार, माझं पुस्तक. प्रकाशक म्हणाले, "मॅडम, शेवट गुळमुळीत होतोय. कुलपावर थांबवा, वाचक हादरेल." मी ती दोन पानं काढली. लग्गेच काढली, तेवढ्या शहाण्या माणसाला कळत असेल म्हणून. आणि प्रस्तावनेत शेवटाचंच कौतुक झालं, धारदार, निर्मम वगैरे. ते वाचून मी फुगले होते.

करारावर सही केली ती माझी बेअक्कल. तिला औषध आहे, कार्यशाळेत सांगता येतं. ही दोन पानं मात्र माझ्याच हातानं खोडली आणि त्यासाठी कोणी नोटीस काढली नव्हती.

आज वाचू, उद्या वाचू, आधी ती दोन पानं शोधू, निदान तोंडी भर घालू, असं करत पावसाळा गेला, दिवाळी गेली. अम्माचे कान आधीपासून अधू होते. हिवाळ्यात एकदम गेले. माझ्याच खिडकीवर मी तिचा केसपेपर काढला. डॉक्टर म्हणाले, नसच गेली आहे, मशीन लावून उपयोग नाही. संक्रांतीनंतर प्रकाशकांचा फोन आला. ॲप बंद पडलं होतं, कंपनीनं गाशा गुंडाळला होता. हक्क लेखी परत देतो म्हणाले, आता खुशाल वाचा. वरातीमागून घोडं.

ते पत्र आलं त्या दुपारी मी पुस्तक घेऊन ओट्यावर अम्माजवळ बसले. कशाला बसले, मलाही ठाऊक नाही. शेवटचं प्रकरण उघडलं आणि वाचायला लागले, मोठ्यानं. शेजारची सून काम थांबवून माझ्याकडे बघत होती. अम्मा माझ्या ओठांकडे बघत होती, हात चालूच. कुलपापर्यंत आले आणि पुढचं छापलेलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं.

अम्मा आता फार जोरात बोलते, स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नाही. तिनं विचारलं, "झालं?"

मी मान हलवली.

"माझं चांगलं लिवलंस का वाईट?"

मी पुन्हा मान हलवली. ती वैतागली. "मान काय हलवतीस? चांगलं का वाईट, ते इचारतीय."

मी हात वर केला, अंगठा आणि बोट जुळवून खूण केली, उत्तम म्हणतो तशी. हसलेसुद्धा. अम्मानं माझ्या हाताकडे बघितलंच नाही, तोंडाकडे बघितलं. मग सुपातल्या विडीला दोरा गुंडाळत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मग वाचायला एवडी का भ्यालीस गं?"