इब्राहिमभाईंचा तापाचा कागद

इब्राहिमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अल सुलैच्या गोदामात माल उतरवून घेत होतो. त्याला सहा आठवडे झाले. आखातातलं युद्ध थांबलं, खिडक्यांवरच्या चिकटपट्ट्या निघाल्या. माझं मन मात्र त्याच आठवड्यात अडकून पडलंय...

आम्ही दोघे दापोलीकडचे. भाई कंपनीच्या दवाखान्यात रक्त तपासायचे, मी गोदामात कारकून, खोली एकच. जिझानच्या साइटवरून गोरे फोरमन कुडकुडत यायचे, इंग्रजी धड कुणालाच येत नसे. म्हणून भाईंनी एकेकाला विचारून, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मलेरियाची नावं लिहून भिंतीला लावली होती. फ्रेंच पालुदिस्म, स्पॅनिश पालुदिस्मो, इटालियन मलारिया, जर्मन वेक्सेलफीबर, पोलिश झिम्नित्सा. आजाऱ्याने बोट ठेवायचं, भाईंनी सुई काढायची. नवीन नाव मिळालं की स्वारी दिवसभर खूश असे.

जानेवारीत ते स्वतः जिझानला जाऊन आले. पुढे सायरन वाजू लागले, आम्ही दहाजण एका बंद खोलीत मास्क लावून बसायचो. एका संध्याकाळी भाई थरथरायला लागले. "काय भाई, मिसाइलला घाबरलात?" मी म्हटलं. सगळे हसले, तेही हसले. घरी येऊन अंगाला हात लावला तर चटका बसला.

"डॉक्टरकडे चला," म्हटलं, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "नको रे सुभाष. मलेरिया निघाला तर कफील मालक फायनल एक्झिटचा शिक्का मारून कायमचा गावी धाडील. तुझ्या भाभीचा, झुबेदाचा व्हिसा आत्ता कुठे पुढे सरकलाय. बारा वर्षांनी येतेय ती... कुणी विचारलं तर सर्दी सांग. शपथ आहे तुला माझी."

कपाटातल्या उरल्यासुरल्या गोळ्या ते गिळत राहिले. चौथ्या दिवशी शुद्ध गेली. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने विचारलं, "इनको क्या हुआ था?" आणि मी, गाढवाने, सांगितलं, "सर्दी, डॉक्टरसाब." दोन दिवस छातीचे उपचार चालले. रक्त तपासलं तेव्हा उशीर झाला होता. माती इथंच दिली. मागच्या आठवड्यात झुबेदाभाभींचा व्हिसा मंजूर झाला. त्यांना काय लिहू, मला सुचत नाही.

तो कागद आता माझ्या उशाशी आहे. त्यावर मराठी नाव नाही. एकदा मी विचारलं होतं, आपला हिवताप का नाही लिहिलात? भाई हसून म्हणाले होते, "आपल्या माणसाला बोट कशाला ठेवायला लागतंय? तो तोंडानं सांगील."