काशीत राहून काय सोडायचं

काशीला आलेल्या माणसाने आवडीची एखादी वस्तू इथेच सोडून जायची, अशी आपल्याकडची रीत. मग जन्मभर ती खायची नाही. रामघाटावरच्या आमच्या घरी महाराष्ट्रातून यात्रेकरू उतरायचे. सासरे आणि नंतर आमचे हे त्यांची धर्मकार्यं करायचे, आणि आम्ही बायका शिजवून वाढायचो. निघायच्या दिवशी कोणी काय सोडलं याची चौकशी माझ्या सासूबाई हटकून करत. बरेचजण हुशार असतात हो. कारलं सोडतात, दुधी सोडतात. सासूबाई म्हणायच्या, "वा! तुम्हाला नको ते गंगामाईच्या पानात?" माणूस ओशाळायचा आणि जाऊन आंबा सोडून यायचा.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी कार्तिकात त्यांनी मलाही पंचगंगा घाटावर नेलं. गार पाण्यात उभं केलं, ओंजळीत पाणी घ्यायला लावलं आणि म्हणाल्या, "बोल, काय आवडतं तुला?"

मला काही सुचेना. माहेरी वडिलांना काय आवडतं, भावांना काय आवडतं, हे झोपेतही सांगितलं असतं. मी उरेल ते खायची, आणि ते गोडच लागायचं. दातावर दात आपटत होते. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल ते."

"अगं, आवड तुझी, मी कशी सांगू?" त्या हसायलाच लागल्या. माझी ओंजळ त्यांनीच खाली केली. "राहू दे. सापडलं की सोड."

पुढे दर कार्तिकात विचारायच्या, "काय गं, सापडलं का?" मी नाही म्हणायची. दोघी हसायचो. शेवटी त्या गेल्या, आणि ते विचारणंही थांबलं.

मुलगा बँकेत लागला, पुण्याला गेला. हे गेले. घरचं काम पुतण्या आणि त्याची बायको बघू लागली. तेव्हा मुलगा मला न्यायला आला. तो इथेच वाढलेला, त्यामुळे त्याच्या मराठीत अर्धी हिंदी.

"आई, दोन टिकट कटवून ठेवलेत. पण जबरदस्ती नाही हं. तुझी काय इच्छा आहे ते सांग."

मी म्हटलं, "तू म्हणशील तसं."

"असं नाही. तू सांग."

आता आली का पंचाईत! सत्तरीला टेकलेल्या बाईला असं विचारतात का? त्यातून पुण्याला नातवंडं. नको म्हणायला कारण तरी काय? मी पेटी भरायला घेतली.

निघायच्या आदल्या दिवशी घरात लातूरकडच्या बायका उतरलेल्या होत्या. त्यांचे पुरुष पिंडदानाला बसले की या बिचाऱ्या नुसत्या ओसरीवर बसून राहायच्या, हिंदी येत नाही म्हणून. अशा बायकांना हिंडवून आणायचं काम मी कित्येक वर्षं करत आले होते. कोणी सांगितलेलं नव्हतं, आपलं करायची. त्या दिवशीही त्यांना देवदर्शन घडवलं, बांगड्या घेऊन दिल्या आणि मुन्शी घाटावरून परतीची नाव केली, कारण शेजारच्या घाटावर फार रेटारेटी.

नाव सुटली आणि आमची तोंडंही सुटली. तिकडे ज्वारी कशी आली, इकडे भाजी कशी मिळते, कोणाची सून कशी. मी एकेक घाट दाखवत होते आणि मध्येच त्यांचं काहीतरी ऐकत होते. नाववाला वल्हं मारता मारता म्हणाला, "माताजी, आप ही लोग बोलिए, चप्पू अपने आप चलेगा." आम्ही पोट धरून हसलो.

मग गोष्ट निघाली सोडण्याची. एकीने सीताफळ सोडलं होतं. दुसरीने चहा सोडला होता आणि तिला आत्ताच रडू येत होतं. त्यांच्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "आन् तुमी काय सोडलं, माय?"

"मला काही सोडता नाही आलं. आणि आता उद्या मुलाकडे पुण्यालाच चालले, कायमची."

"मंग सोडलंच की!" ती म्हणाली. "एवढं हसून खेळून बोलताव आमच्यासंगं. ह्येच तर सोडाया निघालाव."

रामघाट आला तरी मला उठवेना.

घरी आल्यावर मुलाला सांगितलं, "मी येत नाही."

तो समजल्यासारखा मान हलवून म्हणाला, "काशीत मरायचंय ना तुला? मोक्ष?"

"मरायला कशाला? बोलायला! या बायकांना कोण हिंडवणार?"

"आई, गप्पा मारायला बायका पुण्यात नाहीत का?"

"आहेत की. पण त्यांना रस्ते माहीत असतात."

त्याने भरलेली पेटी एका बाजूला सरकवली. त्याला लागलं होतं, ते मला दिसत होतं. मग म्हणाला, "लोक म्हणतील, मुलाने आईला टाकलं."

"सांग त्यांना, आईनेच मला टाकलं."

तेव्हा कुठे हसला. दुसऱ्या दिवशी एकटा गेला. दर सुट्टीत येतो आणि पेटी अजून तिथेच आहे का बघतो.

त्या कार्तिकात मी पंचगंगेवर गेले. ओंजळीत पाणी घेतलं आणि मनात म्हटलं, सासूबाई, सापडलं. पण सोडवत नाही हो. मग वाटलं, अगदीच रिकाम्या हाताने कसं परतायचं? म्हणून मलइयो सोडला. दुधाचा तो केशरी फेस इथे फक्त थंडीत मिळतो, आणि मला तो फार आवडतो, हेही तेव्हाच पाण्यात उभ्या उभ्या कळलं. आता थंडीत बायकांना घेऊन त्या गल्लीतून जाते, त्यांना एकेक मातीचं कुल्हड भरून घेऊन देते आणि विचारते, कसा आहे?