कळलावीचा कंद

सौंसरच्या पुंडलिकरावांची धाकटी मुलगी प्रतिभा नागपूरच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवायची. चौऱ्याऐंशी साली विभागप्रमुखांनी सगळ्यांना आपापल्या भागातली एखादी औषधी वनस्पती निवडायला सांगितली. ती किती निर्धोक आहे, ते उंदरांवर तपासायचं होतं. प्रतिभानं लगेच कळलावीचं नाव दिलं.

त्याला कारण होतं. तिची विधवा आत्या मनकर्णा भावाकडेच राहायची आणि गावातली बाळंतपणं करायची. संत्र्याच्या बागेच्या कुंपणावर दर श्रावणात कळलावी फुलायची, लालपिवळी, जाळासारखी. एखादी बाई अडली की आत्या त्या वेलीचा कंद उगाळून बेंबीवर नि तळपायांवर लेप द्यायची, आणि मूल बाहेर आलं की तो लेप लगेच पुसून काढायची. तिच्या हातून कधी कुणाचं वाईट झालं नव्हतं.

मग, चौऱ्याऐंशीच्या सातआठ वर्षं आधी, प्रतिभाची थोरली बहीण अनुराधा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. मुलगी झाली, उषा. पण त्याच दिवसापासून अनुराधाला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत ताप भरला, आणि पंधरवड्यात ती गेली. पांढुर्ण्याचे सासरचे लोक म्हणू लागले की आत्याच्या मुळीनं घात केला. पुंडलिकरावांना ते सहन होत नसे. वरून लावलेल्या लेपानं कुणी मरतं का, असं ते पुन्हा पुन्हा विचारायचे. जावई मुकुंदनं पुढं दुसरं लग्न केलं. उषा आजोळीच राहिली, आत्याच्या कुशीत वाढली आणि तिलाच आई म्हणू लागली.

आत्यावरचा तो डाग प्रतिभाला पुसायचा होता.

पहिल्या चाचणीत तिनं उंदरांच्या पाठीवरचे केस काढून तिथं लेप लावला. उंदीर खात होते, खेळत होते. कातडी जराशी लाल झाली, तेवढंच. त्या शनिवारी ती सौंसरच्या गाडीत बसली ती मोठ्या आनंदात, आणि घरी येऊन तिनं सांगितलं की लेपानं काही होत नाही. पुंडलिकरावांचे डोळे भरून आले. आत्या मात्र चुलीपुढून उठली नाही.

दुसरी चाचणी पोटात देण्याची होती. नियमाप्रमाणे तीही करावी लागणार होती. कंदाचा अर्क पाजल्यावर उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसले, त्यांना जुलाब लागले, काही मेले. जे वाचले ते पुन्हा खाऊ लागले, आणि मग एका सकाळी प्रतिभानं त्यातला एक उचलला तर त्याचे केस तिच्या तळव्याला चिकटून आले. पुंजकेच्या पुंजके, न ओढता.

ती तशीच उभी राहिली. शेवटच्या दिवसांत तिनं अनुराधाची वेणी घातली होती, तेव्हा फणीत असेच केस आले होते. सगळे म्हणाले होते, तापानं गळतात.

त्यानंतर तिला उंदरांच्या खोलीत जाववेना. पिंजऱ्यातली खुडबुड तिला घरीही ऐकू यायची. विद्यार्थी काही विचारत आणि ती त्यांच्या केसांकडे बघत राहायची. बरेच शनिवार ती सौंसरला गेलीच नाही. शेवटी उषाला ताप आलाय असा निरोप आला, तेव्हा गेली.

उषा झोपली होती. आत्या तिच्या उशाशी बसून कपाळावरची पट्टी बदलत होती. वर न बघताच तिनं विचारलं, "पाजून पाह्यलं काय त्या उंदरायले?"

"हो."

"केस गेले नं त्यायचे?"

हे प्रतिभानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

आत्यानं पट्टी पिळली. "कळा थांबल्या होत्या तिच्या. लेप दोनदा दिला, काही होऊन नव्हतं राहिलं. पोरगी माह्याकडं पाहून राहिली होती. म्हणून उगाळलेलं थोडं पाण्यात कालवलं नं पाजलं. मले वाटलं, सुटन लवकर." पट्टी कपाळावर ठेवत ती म्हणाली, "थे सुटली. पोर रडलं तवाच तिले पयली उलटी झाली."

"तुला तेव्हाच समजलं होतं?"

"तवापासून एक दिवस इसरली नाही. आता तू सांगशीन सगळ्यायले. सांग. मी नाही म्हणत नाही."

उषानं झोपेतच हात पुढं केला आणि आत्याचं बोट घट्ट धरलं.

प्रतिभानं अहवालात जे दिसलं ते सगळं लिहिलं: कंद पोटात गेला तर जीव घेतो, बाळंतिणीला तो कधीही पाजू नये. लोधीखेड्यापर्यंतच्या सुइणींना भेटून तिनं हेच बजावलं. अनुराधाचं नाव मात्र कुठंही घेतलं नाही. वडिलांनाही तिनं काही सांगितलं नाही, आणि लेप निर्धोक असल्याचं समाधान घेऊनच ते पुढं वारले. आत्यानं त्यानंतर बाळंतपण केलं नाही. कुणी बोलवायला आलं की ती त्यांना सरकारी दवाखान्यात जायला सांगायची आणि दार लावून घ्यायची.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात आत्या वारली. तिच्या तोंडात पाणी उषानं घातलं. मला जन्मापासून हिनंच वाचवलं, असं म्हणत ती सगळ्यांत जास्त रडली. प्रतिभा तिच्या शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सांगण्यासारखं तिच्याजवळ पुष्कळ होतं. तिनं फक्त उषाला आणखी जवळ ओढलं.