भाताची जात

१६ ऑगस्ट २००६, बुधवार, सकाळचे साडेनऊ. टोकावड्याच्या नाक्यावर मामाच्या फोन बूथमध्ये मी भिंतीवरचा कागद नव्याने लिहीत बसलो होतो. ओलीने शाई पसरली होती...

त्या कागदावर लोकांना लागणारे नंबर असत. गुरांचा दवाखाना, तहसील, एसटी डेपो आणि शेतकऱ्यांची फुकटची हेल्पलाइन. माझी शाळा नववीत सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं मला खपत नाही. आणि एक आकडा चुकला तर माणूस भलत्याच दारात जाईल, ही धास्ती वेगळीच.

“काय मास्तर, परत तेच गिरवतोस?” म्हणत सुमनमावशी आत आली. गावाच्या कडेच्या वस्तीवरची, दर वर्षी वीटभट्टीवर जाणारी. त्या वर्षी तिने आणि वस्तीतल्या काही बायकांनी पहिल्यांदाच खंडाने शेत घेऊन भात लावला होता.

पदरात करपलेली पानं बांधून आणली होती. पीक गेलं तर दिवाळीनंतर पुन्हा भट्टी, एवढंच म्हणाली.

मी हेल्पलाइन लावली आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. ती नीट सांगत होती... कडा पिवळ्या पडतात, मग टोकापासून पान जळत येतं. मधेच तिने इकडेतिकडे पाहिलं आणि फोन खाली ठेवला.

लाइन कटली का, म्हणून मी विचारलं. ती पानं परत पदरात बांधत होती.

“जात इचारली रे त्यानं. फोनवर बी तेच.”

मला आधी रागच आला... मग उलगडलं. तिला सांगितलं, मावशी, तो भाताची जात विचारत होता. बियाणं कोणतं लावलं, ते.

तिने पदराची गाठ पुन्हा सोडली. “मंग बियानं म्हनावं ना.”

पुन्हा नंबर लावला. या वेळी त्याने विचारायच्या आधीच तिने जरा जोरात सांगून टाकलं, “जात जया.” पलीकडच्या माणसाने खाचरातलं पाणी काढायला आणि युरिया थांबवायला सांगितलं. फवारणीचंही सांगितलं. ती एकेक गोष्ट मोठ्याने म्हणत गेली, मी लिहून दिली.

मला तो प्रश्न कुणी विचारला असता तर मी सरळ ‘जया’ म्हणालो असतो. आमची घरची शेती. दुसरा अर्थ मनात आलाच नसता...

हेल्पलाइनच्या नंबराखाली मी एक ओळ वाढवली. मावशीला वाचता येत नव्हतं, तिने ती वाचून दाखवायला लावली. ‘जात विचारतील. ती भाताची सांगा.’

“मोठी लिव,” ती म्हणाली. “आमी सगल्याच येनार हाय.”

भात सगळा नाही, पण बराचसा वाचला. त्या दिवाळीनंतर मावशी भट्टीवर गेली नाही. पुढे कागद कितीदा तरी बदलला... ती ओळ दर वेळी मोठ्याच अक्षरात लिहिली.